हळवा फॉर्म, गरवा फॉर्म

घट बसले की आमच्या भागात भाताच्या आधी खेळाडूंची झोडणी सुरू होते. भात अजून खाचरात उभं असतं. पण गावच्या मैदानातलं पाणी ओसरलेलं असतं. चार पोरं मिळून गवत उपटतात, दगडगोटे वेचतात, फक्कीने रेषा मारतात आणि पावसाळ्यानंतरचा कबड्डीचा पहिला सराव उभा राहतो. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत अशा सरावाला जितके खेळाडू येतात, जवळपास तितकेच परीक्षकही येतात. कोणी खोपोलीच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून आलेला, कोणी कर्जत लोकलमधून उतरून डब्याच्या पिशवीसकट थांबलेला, कोणी साठी उलटलेला आणि गुडघ्याला पट्टा बांधलेला.

“औंदा डावा कोपरा जड झालाय रे.”

“मग! गणपतीत मोदक काय कमी खाल्ले त्याने?”

“तो बघ, पहिल्याच दिवशी चार गडी मारले. यंदा जिल्ह्याला हाच.”

मी याच परीक्षकांपैकी एक. इतकी वर्षं बांधावर बसून मी जी भाकितं केली, त्यांचा कोणी हिशेब ठेवला असता तर मला तिथे बसूच दिलं नसतं. दसऱ्याला ज्याला मी डोक्यावर घेतलं, तो माघी गणपतीपर्यंत राखीव खेळाडूंत जाऊन बसला. ज्याला मी ‘संपला’ म्हटलं, त्याने मार्चमध्ये अंतिम सामना काढून दिला. असं पुन्हा पुन्हा झाल्यावर मी एक प्रश्न जरा नीट विचारायला लागलो. हंगामाआधी दिसतो तो फॉर्म खेळाडूचा किती आणि आपल्या आशेचा किती?

मेलबर्नचा उन्हाळा

हा प्रश्न आमच्या बांधापुरता नाही. ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न शहर तर दर उन्हाळ्यात त्यावरच जगतं. तिथला लाडका खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. त्याचे नियम १८५९ मध्ये याच शहरात लिहिले गेले. क्रिकेटचंच लंबगोल मैदान, अंड्यासारखा लांबट चेंडू आणि प्रत्येक बाजूला १८ खेळाडू. चेंडू पायाने मारता येतो आणि मुठीने ठोसून साथीदाराकडेही देता येतो. मधल्या दोन खांबांतून लाथेने गेला तर ६ गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर १. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात १२ ते १५ किलोमीटर धावतो.

हंगाम मार्च ते सप्टेंबर, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याच्या अंगाने. त्याआधीचे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने तयारीचे. तेव्हा तिथला चाहता काय करतो? आम्ही करतो तेच. कुंपणाला टेकून सराव बघतो. कोणाचं पोट आत गेलं, कोण लांब पल्ल्याच्या धावेत पहिला आला, शस्त्रक्रियेनंतर कोण पहिल्यांदा वळून धावला, याची चर्चा करतो आणि यंदा आपलंच वर्ष असं ठरवून टाकतो.

त्या लोकांकडे या भोळेपणाचा चक्क लेखी पुरावा आहे. १९८८ पासून २०१३ पर्यंत तिथे मुख्य हंगामाच्या आधी एक वेगळी करंडक स्पर्धा होत असे. २००५ मध्ये ती कार्लटन या जुन्या, नावाजलेल्या संघाने जिंकली. चाहते हवेत. आणि त्याच वर्षीच्या मुख्य स्पर्धेत कार्लटन १६ संघांत सोळावा आला. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, कार्लटनने तोच करंडक पुन्हा उचलला आणि त्या हंगामात पंधरावा आला.

म्हणून हंगामाआधीचं सगळंच खोटं म्हणावं, तर २००० सालचा एसेंडन संघ आडवा येतो. त्याने तयारीचा करंडक जिंकला, मग मुख्य हंगामात अंतिम सामन्यासकट फक्त एक सामना गमावून अजिंक्यपदही नेलं. म्हणजे हंगामाआधीचा निकाल कधी खरं सांगतो, कधी साफ फसवतो, आणि आज तो कुठलं बोलतोय हे निकालाकडे बघून कळत नाही.

फसवण्याची कारणं मात्र कळतात. तयारीच्या सामन्यात दोन्ही संघ एकच खेळ खेळत नसतात. बळकट संघ आपले हुकमी खेळाडू राखून ठेवतो, नव्या पोरांना मैदान दाखवतो, एखादी चाल मुद्दाम करून बघतो, एखादी मुद्दाम लपवतो. कमकुवत संघाला मात्र कसाही एक विजय हवा असतो. तो पहिल्या दिवसापासून जिवावर उदार होऊन खेळतो. एक जण घासून बघतोय, दुसरा लढतोय. त्यातून आलेल्या गुणांची तुलना करायची तरी कशी?

शरीर तयार, खेळ कच्चा

या ऑस्ट्रेलियन फुटबॉलवाल्यांची आणि आपल्या कबड्डीची गाठही पडली आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये अहमदाबादला कबड्डीचा विश्वचषक झाला. तिथे ऑस्ट्रेलियाच्या संघाचा कर्णधार होता कॅम्पबेल ब्राउन. हा २००८ मध्ये हॉथॉर्न संघाकडून फुटबॉलचं अजिंक्यपद जिंकलेला गडी. त्याच्यासोबत त्याच खेळातले आणखीही माजी खेळाडू होते. उंचेपुरे, पीळदार, आयुष्य धक्काबुक्कीत गेलेले. भारताने त्यांना ५४-२० असं हरवलं. पुढे २८ डिसेंबर २०२४ रोजी मेलबर्नच्या जॉन केन अरेनात प्रो कबड्डीचे प्रदर्शनीय सामने झाले, तेव्हाही माजी फुटबॉलपटूंचा एक संघ आपल्या कबड्डीपटूंसमोर उतरला. तेव्हाही जिंकले ते आपलेच.

त्यांच्या अंगात ताकद कमी नव्हती. दमसासात तर ते आपल्या बऱ्याच गड्यांना मागे टाकतील. पण निदानरेषा ओलांडताना मागचा पाय किती उचलायचा, उजव्या कोपऱ्यातल्या पकडपटूची नजर घोट्यावर गेली हे कसं ओळखायचं, हात धरलेल्या पकडपटूंची साखळी जवळ येतेय हे न बघता कसं कळतं, हे शरीराला वर्षानुवर्षांनी येतं. तंदुरुस्ती वेगळी आणि फॉर्म वेगळा, एवढं या दोन प्रसंगांतून पक्कं ध्यानात ठेवावं. तंदुरुस्ती म्हणजे इंजिन. फॉर्म म्हणजे ते इंजिन योग्य क्षणी योग्य गिअरमध्ये असणं. हंगामाच्या आधी आपल्याला दिसतं ते बहुतेक वेळा फक्त इंजिन.

आवणी हा सराव म्हणायचा का?

आमच्याकडचं पंचांग मेलबर्नच्या उलटं आहे. कर्जत-खालापूर सह्याद्रीच्या पायथ्याशी, बोरघाटाच्या तोंडाशी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जूनमध्ये मैदानाचं तळं होतं. कबड्डी महर्षी शंकरराव तथा बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. पण आमच्या भागात तो भर आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत येतो. त्या दिवशी अर्धे कबड्डीपटू पोटरीभर चिखलात वाकलेले असतात.

खेळाचा खरा हंगाम सुरू होतो कापणी आटोपल्यावर. कार्तिकात खोपोलीजवळ साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीचे ढीग आणि घोंगड्यांची दुकानं लागतात. तोवर खाचरं रिकामी झालेली असतात, ओलीवर वाल पेरलेला असतो. मग गावोगावच्या जत्रांना, माघी गणपतीला, एखाद्याच्या स्मृतिप्रीत्यर्थ अशा रात्रीच्या स्पर्धा सुरू होतात, त्या थेट मे महिन्यापर्यंत. म्हणजे पावसाळा हीच आमच्या खेळाडूंची हंगामापूर्वीची वेळ, आणि ती मैदानाऐवजी शेतात जाते.

जुनी माणसं छातीठोक सांगतात, “आम्हाला कसली जीम? आवणी हीच जीम.” यात निम्मं खरं आहे. दिवसभर कमरेत वाकून काम केलं की पाठीचे आणि मांडीच्या मागचे स्नायू चिवट होतात. चिखलातून पाय उपसून पोटऱ्या भरतात. मुठीने भाताच्या रोपांचा तरवा धरून पकड घट्ट होते. कोपऱ्यातल्या पकडपटूला हे सगळं लागतंच.

पण शरीर मोठं हिशेबी असतं. ज्या कामाचा सराव द्याल, त्याच कामात ते तरबेज होतं. आवणीचं काम संथ आणि सलग. कबड्डीचं काम स्फोटासारखं. उभ्या जागेवरून झेप घ्यायची, पूर्ण वेगात असताना थांबायचं, त्याच पावलावर दिशा बदलायची. थांबण्याची आणि वळण्याची ताकद आवणीतून येत नाही, आणि गुडघ्याला दगा होतो तो नेमका थांबताना आणि वळताना. शिवाय आता आवणीला जाणारी पोरं तरी किती राहिली? कर्जतच्या आसपास किती खाचरांची फार्महाऊसं झाली, आणि घरच्या पोराचे पावसाळ्याचे महिने गोदामातल्या पाळीत नाहीतर लोकलच्या दारात जातात. जुन्या माणसाची जीम बंद पडली आणि नवी सगळ्यांपर्यंत पोचली नाही, अशी मधलीच अवस्था आहे.

सराव थांबला की दमसास दोन-तीन आठवड्यांत उतरू लागतो. ताकद त्यापेक्षा बरीच जास्त टिकते. म्हणून पावसाळ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात पकडपटू बरे वाटतात आणि चढाईपटू धापा टाकतात. त्यावरून ‘यंदा बचाव भक्कम, चढाई कमजोर’ असा निष्कर्ष बांधावर निघतो, आणि महिन्याभरात तो वाहून जातो.

तीस सेकंदांचा हिशेब

आता त्या पहिल्याच दिवशी चार गडी मारणाऱ्या पोराकडे वळू. तो खोटा नाही. पण त्याला मिळालेली विश्रांती बघितलीत का?

एक चढाई ३० सेकंदांची. सामना २०-२० मिनिटांचा, म्हणजे ४० मिनिटं. प्रत्येक चढाईने पूर्ण वेळ घेतला तर दोन्ही संघांच्या मिळून ८० चढाया होतात, म्हणजे एका संघाच्या वाट्याला ४०. मुख्य चढाईपटू त्यातल्या निम्म्या करतो असं धरू. त्याच्या वाट्याला २०.

झेप, झटका, लाथ यांना लागणारी ऊर्जा स्नायूंत आधीच भरून ठेवलेल्या एका छोट्या साठ्यातून येते. हा साठा पूर्ण जोर लावल्यावर साधारण १० सेकंदांत रिकामा होतो. तो निम्मा भरायला अर्धं मिनिट लागतं आणि जवळजवळ पूर्ण भरायला तीन-चार मिनिटं. या एका गोष्टीत चढाईपटूचं नशीब दडलेलं आहे.

सरावात प्रशिक्षक सगळ्यांना संधी देतो. पाच जण आळीपाळीने चढाईला जातात. मग एकाच्या दोन चढायांमध्ये साडेचार मिनिटं मिळतात. साठा काठोकाठ. प्रत्येक चढाई ताजी. पण खऱ्या सामन्यात तोच पोरगा संघाच्या एकाआड एक चढाईला जातो, तेव्हा मध्ये दीड मिनिट मिळतं. आणि संघाचे गडी बाद होऊन दोघं-तिघं उरले, बाकीच्यांच्यात चढाईचा गडी नाही, अशा वेळी समोरच्याची एक चढाई संपली की लगेच पुन्हा तोच. मध्ये फक्त अर्धं मिनिट. त्यातही ते अर्धं मिनिट तो बसलेला नसतो. अंगावर आलेल्या चढाईपासून स्वतःला वाचवत असतो.

तेव्हा सरावात दिसलेला वेग हा साडेचार मिनिटांच्या विश्रांतीचा वेग असतो. सगळा संघ बाद होऊन लोण अंगावर येत असताना अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीवर त्यातला किती उरतो, हे सरावाने आपल्याला दाखवलेलंच नसतं. आपल्या जुन्या खेळात याला एकच शब्द होता, दम. ‘कबड्डी, कबड्डी’ हा घोष तुटला की गडी बाद. आज चढाई घड्याळावर चालते, तरी विसाव्या चढाईला तो घोष पहिल्याइतकाच ठणठणीत निघतो का, हे कान देऊन ऐकणारा चाहता बाकीच्यांपेक्षा शहाणा समजावा.

चार गडी म्हणजे किती गडी?

दुसरी फसगत आकड्यांची. एक चढाईपटू असा धरू, ज्याची प्रत्येक चढाई यशस्वी होण्याची शक्यता निम्मी. नाण्याच्या छापकाट्यासारखी. २० चढायांत त्याच्याकडून १० यशस्वी चढायांची अपेक्षा. पण नाणं २० वेळा उडवून बघा. कधी ७ छाप येतील, कधी १३. शंभरातल्या सुमारे पंचाण्णव खेपांना उत्तर ६ ते १४ मध्ये कुठेही पडेल. नाणं तेच, हात तोच. ६ आले त्या दिवशी बांधावरून ‘गेला कामातून’ असं ऐकू येईल, १४ आले त्या दिवशी ‘वाघ आहे’ असं.

सरावाचे तीन सामने बघितले, ६० चढाया झाल्या, तरी २२ पासून ३८ पर्यंत काहीही होऊ शकतं. दर शंभरी ३७ पासून ६३ पर्यंत. कबड्डीत ३७ टक्केवाला बेताचा आणि ६३ टक्केवाला लाखात एक. तीन सामने पाहून या दोघांतला फरकही छातीठोक सांगता येत नाही, आणि आम्ही चार गड्यांवर जिल्ह्याची निवड करून मोकळे.

यालाच लागून एक नियम येतो. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संशोधकाने १८८६ मध्ये आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीची मापं मांडून तो दाखवला. फार उंच आईबापांची मुलं सरासरीपेक्षा उंच असतात, पण बहुधा आईबापांइतकी नसतात. टोकाचं काही दिसलं की पुढची खेप मधल्याकडे सरकते. पहिल्या सरावात सगळ्यांत चमकलेला खेळाडू पुढच्या महिन्यात थोडा फिका पडतो. याला आम्ही ‘नजर लागली’ म्हणतो, ‘डोक्यात हवा गेली’ म्हणतो. बऱ्याचदा दोन्ही झालेलं नसतं. त्या दिवशी नशिबाची जी जोड मिळाली होती, तेवढीच गळून पडलेली असते.

एका आठवड्यात पाच सामने

चाहत्याच्या सगळ्या भाकितांना एका क्षणात पुसून टाकणारी गोष्ट म्हणजे दुखापत. २०२२ च्या प्रो कबड्डी लिलावात तमिळ थलैवाजने पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाख रुपये लावले. हंगामापूर्वीच्या सगळ्या गप्पा त्याच्याभोवती. पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्याच्यावर कोणी पैज लावली नव्हती, तो नरेंदर नावाचा नवखा चढाईपटू त्या मोसमात २४३ गुण करून गेला आणि थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचले. तिथे त्यांना पुणेरी पलटणने थांबवलं. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले, आणि संघ बारा संघांत बारावा आला. त्या मोसमाचं विजेतेपद गेलं पुणेरी पलटणकडे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली.

दुखापतीत नशिबाचा वाटा मोठा. पण सगळाच नशिबाचा नाही. टिम गॅबेट या ऑस्ट्रेलियन संशोधकाने रग्बी, क्रिकेट, ऑस्ट्रेलियन फुटबॉल अशा खेळांतल्या नोंदींवरून २०१६ मध्ये एक सोपा हिशेब मांडला. या आठवड्यात शरीरावर पडलेला भार भागिले गेल्या चार आठवड्यांची सरासरी. उत्तर ०.८ ते १.३ च्या दरम्यान असेल तर ठीक. दीडच्या वर गेलं तर जपा. या आकड्यांच्या नेमकेपणावर पुढे इतर संशोधकांनी बरीच टीका केली, आणि ती वाजवी आहे. गुडघा काही गुणोत्तर बघून ठरवत नाही. पण त्यामागचं शहाणपण कोणत्याही शेतकऱ्याला पटेल. घरात बसलेल्या बैलाला पहिल्याच दिवशी दिवसभर नांगराला जुंपत नाहीत.

आमच्याकडे नेमकं तेच होतं. समजा दिवाळीपर्यंत पोरगा आठवड्याला १०० मिनिटं सराव करतोय. मग जत्रा लागतात. एका रात्रीत एक संघ अंतिम फेरीपर्यंत तीन-चार सामने खेळतो. दोन गावांची स्पर्धा एकाच आठवड्यात आली, ४० मिनिटांचे पाच सामने झाले, की भार २०० मिनिटं. एकदम दुप्पट. त्यात थंडीची रात्र, रात्री उशिरा आलेली पाळी, अंग पुरतं गरम न करता घेतलेली पहिली चढाई. पलीकडे मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लागलेली असते, आणि इकडे एखाद्याचा गुडघा ‘कट’ असा आवाज करतो. गुडघ्यातला पुढचा मुख्य अस्थिबंध तुटला आणि शस्त्रक्रिया झाली तर परत खेळायला साधारण नऊ महिने थांबावं लागतं. तो हंगाम गेला आणि पुढच्या हंगामाची तयारीही गेली. घाई करून लवकर उतरला तर दुसऱ्यांदा तुटण्याचा धोका खूपच वाढतो.

वजनाचंही तसंच. पुरुषांच्या वरिष्ठ गटात ८५ किलोची मर्यादा असते. स्थानिक स्पर्धांत कमी वजनाचे गट असतात. पावसाळ्यात चार किलो वाढलेला गडी वजनाच्या आदल्या दिवशी पाणी तोडतो, स्वेटर घालून धावतो. काटा खूश होतो. पण अंगातलं पाणी शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांनी जरी घटलं तरी दम घसरायला लागतो. काट्यावर जिंकलेला माणूस असा मैदानात हरतो.

मग बघायचं काय?

इतक्या ठेचा खाल्ल्यावर मी बांधावरची माझी पद्धत बदलली. गुण मोजणं सोडलं. आता सराव संपत आला की बघायला सुरुवात करतो. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच वाघ असतात.

चढाईपटू बाद न होता परत आला की त्याचे हात कुठे जातात ते बघतो. गुडघ्यांवर टेकले की साठा संपला. हात कमरेवर आणि नजर समोरच्या संघावर असेल तर अजून शिल्लक आहे. परत येताना तो बचावाकडे पाठ करून येतो की तोंड बचावाकडे ठेवून, हेही बघतो. थकलेला माणूस पहिल्यांदा तोंड बचावाकडे ठेवायची सवय सोडतो.

पकडपटूच्या पकडी मोजत नाही, त्याने न केलेल्या पकडी मोजतो. घाईने उडी मारणारा कोपरा सरावात टाळ्या घेतो आणि सामन्यात गुण देऊन बसतो. मध्यरक्षक त्याच्या मदतीला पोचायला किती उशीर करतो, साखळीतले दोघं एकाच वेळी पुढे सरकतात का, यात संघाचा खरा फॉर्म असतो, आणि तो कुठल्याच गुणपत्रिकेत लिहिला जात नाही. दुखापतीतून परतलेला गडी दोन्ही पायांवर सारखा वळतो का? की बऱ्या पायावर अर्धं पाऊल जास्त टाकतो? उत्तर दुसरं असेल तर प्रशिक्षक काहीही म्हणो, मी त्याला अजून महिनाभर देतो.

आणि माती की मॅट, हे विसरत नाही. आमचा सराव मातीवर. मोठ्या स्पर्धा मॅटवर. मातीत पाय किंचित घसरतो, माती ती चूक पोटात घालते. मॅटवर बूट चिकटतो. पावलाचा वेग वाढतो आणि गुडघ्यावरचा पीळही वाढतो. मातीतला राजा मॅटवर पहिले दोन सामने पाहुण्यासारखा वावरला तर त्याला लगेच मोडीत काढू नये.

हळवे आणि गरवे

कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेली ‘कर्जत’ नावाची आणि आकड्यांची वाणं कोकणभर लागतात. आमच्या शेतकऱ्याला भाताचे तीन प्रकार तोंडपाठ. हळवं साडेतीन-पावणेचार महिन्यांच्या आत हाताशी येतं. निमगरवं त्यानंतर. गरवं पाच महिन्यांपर्यंत उभं राहतं. उताराच्या, लवकर सुकणाऱ्या जमिनीत हळवं लावायचं. खोल, पाणी धरणाऱ्या खाचरात गरवं. दसऱ्याला हळवं पिवळं होऊन वाकतं तेव्हा शेजारचं गरवं हिरवंगार, ताठ उभं असतं. त्याकडे बघून ‘हे काही येत नाही’ असं कुठलाही शेतकरी म्हणत नाही. त्याला माहीत असतं, आपण काय पेरलंय.

खेळाडूही असेच पिकतात. विशीतला, हलक्या अंगाचा चढाईपटू हळवा. दोन आठवड्यांत त्याच्या अंगात वारं भरतं, पहिल्या सरावात तोच डोळ्यांत भरतो. तिशीकडे झुकलेला, भरल्या अंगाचा कोपरा गरवा. त्याचे सांधे मोकळे व्हायला, अंदाज बसायला, शेजारच्याशी नजरेची भाषा जुळायला दोन महिने जातात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून आलेला तर गरव्यातला गरवा. चांगल्या प्रशिक्षकाला कोण कोणत्या वाणाचा हे ठाऊक असतं. तो सगळ्यांना एकाच दिवशी पिकवायला जात नाही. जिल्हा निवड चाचणी लवकर असेल तर हळव्यांवर भर देतो, मार्च-एप्रिलच्या मोठ्या स्पर्धा डोळ्यांपुढे असतील तर गरव्यांना पाणी देत राहतो.

आम्ही चाहते मात्र घटाच्या दिवसांत सगळ्या खाचरांवर एकच विळा चालवतो. मी आता निदान विचारायला शिकलोय, हा गडी किती दिवसांचा? हा एक प्रश्न विचारल्यापासून माझी भाकितं बरोबर येऊ लागली असं नाही. पण ती करायला मी दसऱ्याऐवजी साजगावच्या यात्रेपर्यंत थांबतो. तिथे बोंबील पारखून घेताना दहा गावांचे परीक्षक भेटतातच. तोवर हळवं झोडून कणगीत गेलेलं असतं, गरव्याचे भारे खळ्यावर आलेले असतात, आणि पोरांचा सात-आठ आठवड्यांचा घाम जमिनीत मुरलेला असतो. तेव्हा बोललेलं थोडं तरी खरं ठरतं.

तरीही खरं सांगतो, यंदा पहिल्या सरावाला मी बांधावर होतोच. बोलणार नाही असं ठरवून बसलो होतो. पण डावा कोपरा जरा जड वाटला, आणि शेजारच्याने विचारलंही नसताना ते माझ्या तोंडून निघून गेलं.